लिब्रइलेक पुन्हा टाकताना डिस्कवरचं लग्न वाचवायचं कसं

लिब्रइलेक ही कोडी, म्हणजे टीव्हीवर सिनेमे, गाणी, फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवण्यापुरतीच बनवलेली छोटीशी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर (पुढे नुसतं 'पाय') किंवा अडगळीत पडलेल्या पीसीवर टाकली, टीव्हीला जोडली, की हार्डडिस्कवरचं सगळं रिमोटवर येतं. २०१६ साली ती ओपनइलेक या तशाच जुन्या सिस्टीममधून फुटून निघाली. २०२४ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीत कोडी २१ आहे. पैसे लागत नाहीत. ती दिसते कशी, स्किन कुठली छान, यावर भरपूर लिहून झालंय. इथे तपासायचं आहे ते एवढंच: सिस्टीम बिघडली आणि नव्याने टाकायची वेळ आली, तर साठवलेलं किती शाबूत राहतं?

प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच लागू आहे. जळगाव-धुळ्याकडच्या घरांतल्या डिस्कवर सिनेमांइतकंच घरचं असतं: लग्नाचं शूटिंग, हळद, कानबाईची मिरवणूक, शेतातली भरीत पार्टी, कुठून कुठून जमवलेली अहिराणी गाणी. सिनेमा परत मिळतो. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाचं कच्चं शूटिंग फोटोग्राफरने अजून ठेवलं असेल याचा काही भरवसा नाही. त्यात वीज अधूनमधून जाते-येते, आणि चालू असताना वीज गेली की पायच्या मेमरी कार्डावरची सिस्टीम कधीतरी मोडतेच.

आमचं मत आधीच सांगतो. लिब्रइलेकची मांडणी या बाबतीत उत्तम आहे, मेनूतली भाषा मात्र फसवी आहे. फायली जातात त्या बहुतेक वेळा सिस्टीममुळे जात नाहीत. लोक गरज नसताना कार्ड पुसतात, किंवा 'बॅकअप' या शब्दावर जास्त विश्वास टाकतात.

आत काय कुठे असतं

कार्डावर दोन भाग असतात. पहिला ५१२ एमबीचा, फॅट३२ फॉरमॅटचा. त्यात कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि 'सिस्टीम' नावाची एक दाबून बसवलेली फाइल. आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे या दोनच फायली, आणि त्या फक्त वाचल्या जातात, चालताना त्यांत काही लिहिलं जात नाही. दुसरा भाग म्हणजे 'स्टोरेज', ईएक्सटी४ फॉरमॅटचा, उरलेलं सगळं कार्ड व्यापणारा. कोडीची मांडणी, अ‍ॅड-ऑन म्हणजे वरून बसवलेल्या जोडसोयी, पोस्टर, काय पाहून झालं याची नोंद, वायफायचा पासवर्ड हे सगळं इथे असतं. 'व्हिडिओज' नावाच्या शेअरवर (नेटवर्कवरून उघडणाऱ्या फोल्डरवर) नेटवर्कमधून काही टाकलं असेल तर तेही इथेच, म्हणजे कार्डावरच. बाहेरची हार्डडिस्क या दोन्हींपासून वेगळी, ती फक्त जोडली जाते.

यातून एक गोष्ट सरळ निघते. सिस्टीम बदलायची तर पहिल्या भागातल्या दोन फायली बदलल्या की झालं, दुसऱ्या भागाला हात लावायचं कारणच नाही. लिब्रइलेकने ही सोय पहिल्यापासून दिली आहे, आणि बऱ्याच जणांना ती माहीत नसते.

कार्ड न पुसता पुन्हा टाकणं

स्टोरेजमध्ये 'डॉट-अपडेट' नावाचं लपलेलं फोल्डर आहे. नेटवर्कवर ते 'अपडेट' नावाने दिसतं. आपल्या पायसाठीची लिब्रइलेकची फाइल, टार प्रकारची असो की इमेज-जीझेड, त्यात टाकायची आणि यंत्र रीस्टार्ट करायचं. सुरू होताना सिस्टीम ती उघडते, तपासते, दोन्ही फायली नव्या बसवते आणि पुन्हा रीस्टार्ट होते. आहे तीच आवृत्ती पुन्हा टाकली तरी चालतं, म्हणजे हेच खरं रीइन्स्टॉल. डिस्क आणि मांडणी जागच्या जागी राहतात.

विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये यंत्र दिसलं नाही तर शोधत बसू नये. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पायचा आयपी पत्ता टाकला की शेअर उघडतात. पत्ता कोडीच्या सिस्टीम माहितीच्या पानावर मिळतो, नाहीतर राउटरच्या यादीत.

हे फसतं ते ठरावीक कारणांनी. पाय ४ आणि पाय ५ च्या फायली वेगळ्या आहेत, चुकीची टाकली तर सिस्टीम ती नाकारते. फार काही बिघडत नाही, जुनंच पुन्हा सुरू होतं. स्टोरेजमध्ये जागा नसली तरी अपडेट अडतं. फाइल उघडायलाही जागा लागते, म्हणून एखादा जीबी तरी मोकळा असावा. ओपनइलेकच्या काळापासून वरच्यावर अपडेट करत आणलेलं कार्ड असेल, तर पहिला भाग लहान असतो आणि नवी सिस्टीम फाइल त्यात मावतच नाही. अशा कार्डाला मात्र नव्याने लिहिण्याशिवाय इलाज नाही.

टीव्हीवर काहीच येत नाही, पण पायचा हिरवा दिवा लुकलुकतोय, अशी अवस्था असेल तर आधी शेअर उघडतात का ते पाहावं. कोडी कोसळलं तरी खालची लिनक्स बहुतेक वेळा जिवंत असते. कोडी लागोपाठ कोसळत राहिलं तर लिब्रइलेक स्वतःच सेफ मोडमध्ये जाते: बिघडलेलं कोडीचं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवते आणि कोरं कोडी दाखवते. ते कोरं पान पाहून सगळं गेलं असं वाटतं, आणि माणूस घाईने कार्ड फॉरमॅट करतो. त्या क्षणी सगळं जागेवर असतं. दोष बहुधा एखाद्या अ‍ॅड-ऑनचा किंवा स्किनचा असतो.

फसवी नावं

लिब्रइलेकच्या सेटिंगमध्ये रीसेटची दोन बटणं आहेत. एक कोडीला मूळ अवस्थेत नेतं, दुसरं लिब्रइलेकला. दुसरं सौम्य वाटतं, पण ते आख्खं स्टोरेज पुसतं. कार्डावरच्या 'व्हिडिओज'मध्ये लग्नाचं शूटिंग असेल तर तेही. बाहेरच्या डिस्कला ते हात लावत नाही, तरी दाबण्याआधी डिस्क काढून ठेवलेली बरी.

बॅकअपचंही तसंच. 'सिस्टीम आणि कोडी बॅकअप' म्हटलं की एक टार फाइल बनते. त्यात मांडणी, अ‍ॅड-ऑन, डेटाबेस, पोस्टर येतात. सिनेमे, गाणी, फोटो येत नाहीत. पहिल्या भागातली कॉन्फिग फाइलही येत नाही, आणि जुन्या टीव्हीसाठी एचडीएमआयची जी खटपट केलेली असते ती नेमकी तिच्यातच असते. ती फाइल विंडोजमध्ये कार्ड लावलं की दिसते, वेगळी कॉपी करून ठेवावी.

बॅकअपची टार फाइल कार्डावरच 'बॅकअप' फोल्डरमध्ये पडते. कार्ड पुसलं की तीही गेली! बनवल्याबरोबर ती लॅपटॉपवर आणावी. पोस्टर फार साठली असतील तर फाइल मोठी होते, आणि ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पेनड्राइव्हवर मावत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घ्यावा. फाइलचं आकड्यांचं नाव बदलू नये, परत भरताना लिब्रइलेक त्याच धाटणीचं नाव शोधते.

कार्ड पुसावंच लागलं तर

सगळ्यात आधी यूएसबीची हार्डडिस्क पायवरून काढावी. लॅपटॉपवर कार्ड लिहितानाही दुसरी कुठलीही डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला नको. इमेज लिहिणारं सॉफ्टवेअर, मग ते लिब्रइलेकचं स्वतःचं असो, रास्पबेरी पाय इमेजर असो की एचर, निवडलेल्या ड्राइव्हवर जे असेल ते विचार न करता पुसतं. यादीत दोन ड्राइव्ह दिसले की चूक व्हायला एक क्लिक पुरतो.

कार्डावरच्या स्टोरेजमध्ये काही राहिलं असेल तर ते काढणं हा खरा कसोटीचा भाग. कार्ड विंडोज लॅपटॉपला लावलं की लगेच विचारणा येते: ड्राइव्ह वापरण्यासाठी फॉरमॅट करायचा का? विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही म्हणून ते असं विचारतं, कार्ड खराब आहे म्हणून नव्हे. उत्तर 'कॅन्सल'. या एका खिडकीत 'हो' म्हणून जितका डेटा गेला असेल, तितका बिघडलेल्या सिस्टीममुळे गेला नसेल. सोपा मार्ग म्हणजे उबुंटू किंवा मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह. लॅपटॉप त्यावर सुरू केला की स्टोरेज साध्या फोल्डरसारखं उघडतं. डॉटने सुरू होणारी फोल्डर दिसण्यासाठी कंट्रोल आणि एच दाबावं, कारण कोडीचं फोल्डर लपलेलं असतं. वेळ नसेल तर विन३२ डिस्क इमेजरमध्ये 'रीड' करून आख्ख्या कार्डाची इमेज काढून ठेवावी. ३२ जीबीच्या कार्डाला ३२ जीबी जागा लागेल, पण पुढे कधीही त्यातून फायली काढता येतात.

पाय सुरू असेल आणि नेटवर्कवरून कॉपी करायचं असेल तर हिशेब करून बसावं. पाय ३ बीचं लॅन १०० एमबीपीएसचं, प्रत्यक्षात सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतं. ५०० जीबी न्यायला साडेबारा तास, आणि तेवढ्या वेळात एकदाही वीज जाणार नाही हे रावेर-चोपड्याकडे कोण सांगणार? तीच डिस्क काढून लॅपटॉपच्या यूएसबी ३ ला लावली तर काम दीड तासात होतं. कॉपी झाल्यावर फक्त फोल्डरचा आकार जुळला म्हणून समाधान मानू नये. टेराकॉपीसारखं, कॉपीनंतर फायली पडताळून पाहणारं साधन वापरावं.

आता कार्ड. नवं घ्यायचं तर ए१ वर्गाचं ३२ जीबी पुष्कळ झालं. सिनेमे डिस्कवर असतील तर मोठं कार्ड उगाच. घेतलं की एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासावं, मग ते जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेलं असो की ऑनलाइन मागवलेलं. नकली कार्ड आकार खोटा सांगतं आणि खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हरवतं. जुन्या कार्डाची एक खूण लक्षात ठेवावी: बदल केले, रीस्टार्ट केलं, आणि सगळं पूर्वीसारखं झालं. काही मरणारी कार्डं लिहिणं बंद करतात, पण तसं सांगत नाहीत. अशा कार्डावर कितीही वेळा सिस्टीम टाकली तरी जुनीच वर येते. ते फेकावं, पण फेकण्याआधी वाचून घ्यावं, कारण वाचता मात्र येतं.

नवीन कार्ड पहिल्यांदा सुरू होताना लिब्रइलेक स्टोरेजचा भाग पसरवून एकदा रीस्टार्ट होते. मध्येच वायर ओढू नये. सुरुवातीचा विझार्ड संपला की सांबा (नेटवर्कवर शेअर दाखवणारी सोय) सुरू ठेवावं, टार फाइल 'बॅकअप' शेअरमध्ये टाकावी, लिब्रइलेकच्या सेटिंगमधून रीस्टोर म्हणावं आणि यंत्राला रीस्टार्ट होऊ द्यावं. हार्डडिस्क यानंतरच जोडावी.

डिस्क जोडली, पण सिनेमे 'नाहीत'

रीइन्स्टॉलनंतर हमखास होणारा घोळ हा. लिब्रइलेक डिस्क तिच्या लेबलच्या नावाने जोडते, आणि कोडी प्रत्येक फाइलचा पूर्ण मार्ग लक्षात ठेवतं. लेबल बदललं, डिस्क फॉरमॅट करून वेगळं नाव दिलं, किंवा लेबलच नसलं, की मार्ग बदलतो आणि आख्खी लायब्ररी कोडीच्या लेखी बेपत्ता होते. फायली जागेवर असतात, पत्ता चुकलेला असतो.

उपाय सोपा. लॅपटॉपवर डिस्कचं लेबल पूर्वीचंच करावं. पूर्वीचं आठवत नसेल तर कोडीच्या युजरडेटा फोल्डरमधली सोर्सेस डॉट एक्सएमएल उघडावी, मार्ग त्यात लिहिलेला असतो. लेबल पहिल्यापासून रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता, एकच शब्द ठेवावं. दोन डिस्कना एकच लेबल नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मार्ग जुळेपर्यंत 'लायब्ररी साफ करा' दाबू नये. कोडी विचारतं, हा मार्ग सापडत नाही, नोंदी काढू का? 'हो' म्हटलं तर काय पाहिलं, कुठे थांबलो, याची सगळी नोंद जाते.

ती नोंद डेटाबेसमध्ये असते. कोडी १९ मध्ये फाइलचं नाव मायव्हिडिओज ११९, कोडी २० मध्ये १२१, कोडी २१ मध्ये १३१. नवी आवृत्ती जुनी फाइल वाचून स्वतःची बनवते, जुनी तशीच ठेवते. उलटं होत नाही: २१ वरून २० वर आलात तर २० ला १३१ दिसतच नाही, ते जुनी १२१ उघडतं किंवा कोरी बनवतं. म्हणून मोठी आवृत्ती बदलण्याआधी डेटाबेसचं फोल्डर वेगळं काढून ठेवावं.

याहून पक्की सोय म्हणजे लायब्ररी एक्सपोर्ट, तीही 'वेगवेगळ्या फायलीं'च्या पर्यायाने. मग प्रत्येक व्हिडिओशेजारी एक एनएफओ फाइल (त्या व्हिडिओच्या माहितीची) बसते आणि माहिती डिस्कवरच राहते, कार्ड मेलं तरी. परत वाचताना पाहिल्याची खूणही हवी असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जच्या फाइलमध्ये वॉच्ड-स्टेट आयात करण्याची ओळ लागते. घरच्या शूटिंगला तर एनएफओ हवीच. इंटरनेटवर त्यांची माहिती मिळणार नाही, आणि भलत्याच सिनेमाचं पोस्टर मामाच्या लग्नाला चिकटेल. अशा फोल्डरला 'माहिती शोधू नका' असंच ठरवून द्यावं.

मराठी सबटायटलसाठी वेगळा फॉन्ट टाकला असेल तर तो कोडीच्या फोल्डरातच असतो, बॅकअपमधून परत येतो. सेटिंगमध्ये त्याचं नाव निवडलेलं आहे ना एवढं बघावं, नाहीतर चौकोन दिसतात.

डिस्कचं फॉरमॅट आणि वीज

डिस्क फक्त पायलाच लागणार असेल तर ईएक्सटी४. ती लॅपटॉपवरही फिरत असेल तर एनटीएफएस चालतं, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असताना किंवा डिस्क 'इजेक्ट' न करता ओढली तर तिच्यावर अर्धवट असल्याची खूण राहते, आणि लिनक्स ती जोडायला नकार देते किंवा नुसती वाचायला देते. रीइन्स्टॉल करून हे सुटत नाही. विंडोजमध्ये चेकडिस्क चालवावी, सुटतं. फॅट३२ लग्नाच्या व्हिडिओंना नकोच, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

विजेचं म्हणाल तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, मोबाइलचा चार्जर चालत नाही. त्याच्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात, आणि अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करतानाच त्यातला बराच वाटा खाते. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर दिला नाही तर तो यूएसबीला ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवतो. टीव्हीवर कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकलं, डिस्क मध्येच गायब होऊन परत आली, तर दोष वीजपुरवठ्याचा आहे. वीज घेणारा यूएसबी हब लावावा. साडेतीन इंची डिस्कला तिचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतोच. इन्व्हर्टरवर घर असलं तरी बदलाच्या क्षणी पाय रीस्टार्ट होऊ शकतो. छोटा यूपीएस मधे असेल तर तेवढंही टळतं.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे बाहेरच ४५ अंशांच्या आसपास असतं. धाब्याच्या घरात यंत्र निभावतं. पत्र्याखाली, टीव्हीच्या पाठीमागे, बंद प्लॅस्टिकच्या डबीत नाही. ८० अंशांवर पाय स्वतःचा वेग कमी करतो आणि व्हिडिओ अडखळतो. लोक तेव्हाही रीइन्स्टॉल करतात! पंखा असलेली किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमची डबी घ्यावी.

इतरांच्या तुलनेत

अ‍ॅमलॉजिक चिपच्या बॉक्सवर चालणाऱ्या कोअरइलेकची मांडणी हीच, वर सांगितलेलं जवळपास सगळं तिलाही लागू. कोडीसाठीचीच दुसरी सिस्टीम ओएसएमसी ही डेबियन या लिनक्सवर बसलेली आहे. सिस्टीम आणि साठा एकाच भागात, त्यामुळे ती नव्याने टाकताना कार्डावरचं सगळं जातं. तिथे डिस्क वेगळी ठेवणं सक्तीचंच समजावं. अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवरचं कोडी या परीक्षेत सगळ्यात मागे: अ‍ॅप काढलं की त्याची मांडणी आणि डेटाबेस अ‍ॅपबरोबर पुसले जातात, आणि नव्या अँड्रॉइडमध्ये फाइल मॅनेजरने ते फोल्डर आधी कॉपी करू म्हटलं तरी सहजी उघडत नाही.

पाय ४ घ्यावा की ५, हेही इथेच. पाय ५ मध्ये एच.२६४ या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डिकोडिंग (खास चिपने व्हिडिओ उलगडणं) काढून टाकलंय, ते काम प्रोसेसर करतो आणि १०८० पीला पुरून उरतो. लग्नाच्या कॅमेऱ्यांच्या एमटीएस फायली याच प्रकारातल्या. ज्यांच्याकडे पाय ४ आहे त्यांनी फक्त या कामासाठी ५ घेऊ नये.

ओटीटीसाठी मात्र हे यंत्र नाही. लिनक्सवर वाइडवाइनची (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची) खालचीच पातळी मिळते, म्हणून मोठ्या सेवा पूर्ण दर्जाचं चित्र देत नाहीत, आणि त्यांची अ‍ॅड-ऑन अधिकृत नसल्याने कधीही बंद पडतात. त्यासाठी एखादी स्टिक टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला लावून ठेवावी आणि पायवर फक्त घरचा साठा चालवावा.